किटलीचं झाकण

मी पुण्यात इंग्रजी बोलायला शिकवते. एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांचा क्लास आहे आणि शिकायला येणारे बहुतेक माझ्यासारखेच, गावाकडून आलेले. आमचं पुस्तक ठरलेलं आहे. त्यातला तेविसावा धडा व्हिडिओ गेमबद्दल बोलायला शिकवतो. वर चौकटीत शब्द दिलेत: लेव्हल, लाईफ, स्कोअर, कन्सोल, जॉयस्टिक, पॉज. मध्ये व्हिडिओ गेमचा इतिहास दहा-बारा ओळींत. आणि खाली प्रश्न: तुम्ही पहिला गेम कधी खेळलात? तुमच्याबरोबर कोण खेळायचं? बाविसावा धडा संपला की मी चोविसावा उघडायला सांगते. एखाद्याने विचारलंच तर म्हणते, तो परीक्षेला नाही. आमच्या क्लासला परीक्षाच नाही, पण मी हे इतक्या ठामपणे सांगते की पुढे कोणी विचारत नाही. ठामपणे खोटं सांगण्याची ही कला माझ्याकडे लहानपणापासून आहे, आणि तिची किंमत माझ्या वहिनीने मोजली.

आमचं गाव निमगाव सावा. टीव्ही गेम घरात आला तेव्हा मी तिसरीत होते. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आळेफाट्यावर एका गॅरेजात काम शिकत होता. स्पेअर पार्ट आणायला म्हणून पुण्याला गेला आणि येताना पिशवीतून एक करडा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट घेऊन आला. कॅसेटवर लाखो गेम असल्याचं छापलेलं होतं. निघाले सात. तेच सात नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे, आणि दर वेळी आम्हाला वाटायचं की हा नवा असेल. वडिलांनी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि "बातम्यांच्या येळंला लावायचा न्हाई" एवढंच म्हणाले.

त्या डब्याने आमच्या आळीत जेवढं इंग्रजी आणलं तेवढं शाळेने आणलं नाही. शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, पण पोरं त्याच्या आधीच "माझी लाईफ गेली" आणि "पॉज कर ना राव" म्हणायला लागली होती. पडद्यावर काय लिहून आलंय ते मात्र कोणाला वाचता यायचं नाही. मला भावाने अक्षरं शिकवली होती, म्हणून सगळे मला विचारायचे. मला तरी कुठे अर्थ कळत होता? मी तोंडाला येईल ते सांगायचे आणि ते खरं धरलं जायचं. पडद्यावर पुढे खेळायचंय का असं विचारलेलं असताना "संपलं, आता माझा नंबर" म्हणून मी कित्येकांच्या हातातून रिमोट काढून घेतलाय. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट मजा वाटली, हेही लिहून टाकते.

पुढे अकरावीला मी जुन्नरला जाऊ लागले. इंग्रजीत वर्गात पहिली होते आणि घरात त्याचा केवढा रुबाब. खताच्या गोणीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, बँकेच्या कागदावरचं सगळं इंग्रजी माझ्यापुढे यायचं. त्यातलं निम्मं मला कळायचं, निम्मं मी रेटून न्यायचे. "मला माहीत नाही" हे वाक्य त्या वयात माझ्या तोंडून निघायचंच नाही. अजूनही जड जातं.

त्याच सुमारास भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. ती लोणीची, आंबेगावच्या पूर्वेकडची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नववीनंतर शाळा सुटलेली. तिच्या वडिलांचा बैलगाडा होता आणि ती लहानपणापासून घाटात, म्हणजे शर्यतीच्या त्या चढावाच्या कडेला बसून वाढलेली. "आमच्याकडं बैलाला उन्हाळ्यात पंखा आन आमाला पुठ्ठा," असं ती हसत सांगायची. मला ती "ताई" म्हणायची आणि "तुमी" म्हणायची. मी नणंद होते ना. मी तिला "तू" म्हणायचे आणि त्यात काही चुकीचं आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

कॉलेज सकाळचं होतं. दुपारच्या गाडीने मी घरी यायचे तेव्हा आईचा डोळा लागलेला असायचा, वडील मळ्यात, भाऊ गॅरेजवर. एक ते तीन लाईट असायची. वहिनी आधी चार-पाच दिवस भांडी घासता घासता लांबून बघत राहिली. मग एक दिवस हात पुसत आली आणि दुसरा रिमोट उचलून म्हणाली, "मला बी शिकवा की." मी शिकवलं. महिन्याभरात ती मला हरवायला लागली. दोन जर्सी गाईंच्या धारा रोज दोन वेळा काढून तिच्या अंगठ्यात जी ताकद आणि जो ताल आला होता तो माझ्यात नव्हता. गेममधल्या मोटारींच्या शर्यतीत तर ती मला जवळही येऊ द्यायची नाही. भाऊ रविवारी घरी असला की तिच्या कौतुकाने मला म्हणायचा, "हिच्या नादाला लागू नको, तुझं काम न्हाई ते." मी हसायचे. ते हसणं खोटं होतं.

खेळताना ती त्या इंग्रजी शब्दांना आपले शब्द लावायची. लाईफ म्हणजे बारी. घाटात एका गाड्याची एक धाव ती बारी. लेव्हल म्हणजे घाट, "एक घाट मारला की पुढचा, जरा जास्त चढाचा." पॉज म्हणजे बैल जुंपून धरून ठेवलेत आणि निशाण पडायचंय. दुसरा खेळाडू म्हणजे जोडीचा बैल. पडद्यावर पुढे खेळायचंय का असं आलं की ती म्हणायची, "अजून एक बारी देऊ का म्हणतंय बघा." हे तिने मला न विचारता, नुसतं बघून बघून ओळखलं होतं. ज्या शब्दावर मी आळीभर पोरांना फसवलं त्याचा अर्थ तिला अक्षर न वाचता कळला होता.

गावातल्या अंगणवाडीच्या बाई निवृत्त होणार होत्या. त्या जागेला दहावी पास बाई लागत होती. वहिनीने एक दिवस जेवणं झाल्यावर भावाला सांगितलं की मी सतरा नंबरचा फॉर्म भरते, बाहेरून दहावीला बसते. भाऊ म्हणाला, भर. वडील काही म्हणाले नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नव्हती. आई ताटं उचलून आत गेली. शाळा सोडल्याचा दाखला लोणीच्या बाजूचा, म्हणून सेंटरही तिकडचंच घ्यायचं ठरलं.

बाकीच्या विषयांना ती घाबरत नव्हती. अडत होतं इंग्रजीपाशी, आणि त्यातही तोंडी परीक्षेपाशी. आवडीच्या विषयावर उभं राहून इंग्रजीतून बोलायचं होतं. ती मला म्हणाली, "ताई, मला या गेमवर बोलायचं शिकवा. यातलं इंग्रजी मला तोंडात बसलंय. बागेवर आन शाळेवर मला काय सुचायचं न्हाई." शंभर पानी वही तिने आणली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, माझ्याकडून लिहून घेतलेले. उजवीकडे तिचे अर्थ, बारी, घाट, निशाण. आठवडाभराने तिने स्वतः एक पानभर लिहून मला दाखवलं. स्पेलिंगं चुकलेली, वाक्यं मोडकी, पण काय म्हणायचंय ते कळत होतं. तिने लिहिलं होतं की व्हिडिओ गेम हा बैलगाड्यासारखा आहे. माझ्या वडिलांच्या गाड्याला एका जत्रेत एकच बारी मिळते, गेममध्ये तीन मिळतात, म्हणून गेम सोपा आणि बैल अवघड. आणि शेवटी: हा खेळ कोणी काढला मला माहीत नाही. कोणीतरी आलेल्या पाहुण्यांसाठी काढला असेल, जत्रेसारखा.

आज माझ्या क्लासात कोणी असं पान लिहून आणलं तर मी ते सगळ्यांना वाचून दाखवीन. त्या दिवशी मी लाल पेन काढलं, पानावर तिरपी रेघ मारली आणि वर लिहिलं, गावठी.

"परीक्षेत बैल नसतात," मी म्हणाले. "इतिहास लागतो. कोणी शोध लावला, कुठे लावला."

"मग त्यो सांगा ना."

मला कुठे माहीत होता? पण ती समोर वही उघडून बसली होती, आणि गेमच्या बाबतीत तिला माझ्याकडून काहीतरी घ्यावं लागतंय याचंच मला बरं वाटत होतं. "उद्या देते लिहून," मी म्हणाले.

आमच्याकडे निबंध लिहीत नसत, बसवत. माझी सहल पाठ असली की तीच अविस्मरणीय दिवसाला बसवायची, तीच माझ्या मित्राला बसवायची. सगळी शाळा तशीच पास झाली. माझ्या फळीवर आठवीचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यात वाफेच्या इंजिनाच्या शोधाचा धडा होता. थंडीचे दिवस, एक मुलगा चुलीपाशी बसलेला, किटलीचं झाकण वाफेने उडतंय आणि मुलगा टक लावून बघतोय. मी तो धडा समोर ठेवला आणि जिथे जिथे इंजिन होतं तिथे तिथे व्हिडिओ गेम लिहिला. वाफेच्या जागी वीज घातली. मुलगा आणि किटली तशीच ठेवली, कारण ती वाक्यं फार सुरेख होती. पुढे व्हिडिओ गेममुळे कारखाने वाढले, माणसं लांबचे प्रवास जलद करू लागली आणि इंग्लंड श्रीमंत झालं.

वहिनीने वाचून घेतलं, अर्थ विचारून घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "किटलीचा आन याचा काय संबंध, ताई?"

"इंग्रजीत तसंच असतं," मी म्हणाले.

तिने मान्य केलं. भाकरी थापताना, शेण काढताना, गाईंना पाणी दाखवताना ती ते पुटपुटायची. उच्चार माझ्याकडून घासून घ्यायची. एक शब्द दहा-दहा वेळा. मला तेव्हा अपराधी वाटत नव्हतं. मला वाटत होतं की मी तिला शिकवतेय.

तोंडी परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना मी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आळेफाट्याच्या सायबर कॅफेत गेले. फॉर्मचं पान उघडत नव्हतं आणि तासाचे पैसे तर भरलेले होते. बसल्या बसल्या सहज म्हणून व्हिडिओ गेमचा इतिहास असं टाइप केलं. मला वाटलं होतं, किटली नसेल तरी तसलंच काही असेल. अडखळत वाचत गेले. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत बाहेरची माणसं बघायला यायची. त्यांना कंटाळा येऊ नये म्हणून तिथल्या एका शास्त्रज्ञाने मोजमापाच्या यंत्राच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ बसवला होता, आणि लोकांनी त्याच्यापुढे रांग लावली. मग कॉलेजातल्या पोरांनी मोठ्या कॉम्प्युटरवर अंतराळयानं लढवली. मग नाणं टाकून खेळायची कपाटं आली, मग टीव्हीला जोडायचे डबे, मग जपानने ते घरोघर नेले.

म्हणजे पाहुण्यांसाठीच. जत्रेसारखा. वहिनीने बघून ओळखलं होतं तेच.

मी वहीचं एक पान फाडून त्यातल्या दहा ओळी उतरवून घेतल्या. सोपं इंग्रजी होतं, तिला चार दिवसांत पाठ झालं असतं. तिचं बैलांचं पान दुरुस्त करून त्याला हे जोडलं असतं तर कोणाही मास्तरने मान डोलावली असती. गाडीत बसेपर्यंत माझ्या मनात हेच होतं आणि मी ते करणार होते. एवढं तरी मला माझ्याबद्दल खरं सांगू द्या.

घरी आले तर आई ओट्यावर शेजारच्या काकूंबरोबर कांदा निवडत बसली होती. त्यांनी मला पाहिलं नाही. काकूंनी विचारलं, "पोरीला पुण्याला धाडणार का बारावीनंतर?" आई म्हणाली, "धाडायची लई इच्छा हाय. पर सून अंगणवाडीत गेली तर गाया कोण बघनार? माझं गुडघं हे असं. मंग हिलाच घरी ऱ्हावं लागंल, दुसरा काय विलाज." तिने ते रागाने म्हटलं नाही. कांद्याची पात मोडता मोडता, हवापाण्यावर बोलावं तसं म्हटलं.

मी पिशवी घेऊन आत गेले. वहिनीने हाक मारली, "ताई, आल्या का? चहा टाकू?" मी हो म्हणाले. तो कागद मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात घातला. त्या घडीला मी काही ठरवलं नव्हतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. उद्या सांगू. उद्या तिची पाळी होती, परवा बाजार होता, तेरवा लाईट नव्हती. असे पंधरा दिवस गेले. दिवस जात नसतात, आपण ते घालवतो. मी ते एकेक करून घालवले, आणि रोज दुपारी तिच्यासमोर बसून किटलीचे उच्चार दुरुस्त केले.

तोंडीच्या दिवशी मीच तिच्यासोबत गेले. भावाला गॅरेज सोडता येत नव्हतं. नारायणगावला गाडी बदलली. तिने नवं पातळ नेसलं होतं आणि वही पदराखाली धरली होती. गाडी सुटल्यावर तिने विचारलं, "ताई, काई राह्यलंय का सांगायचं?" मी म्हणाले, नाही, सगळं झालंय. घोडनदीचा पूल गेल्यावर तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, घाबरू नकोस. मंचरला उतरायच्या आधी, कंडक्टर बेल मारत असताना, तिने माझ्याकडे वळून तिसऱ्यांदा विचारलं, "बगा, काई राह्यलं आसंल तर." मला वाटलं भीतीने विचारतेय. मी तिचा हात दाबला.

शाळेच्या व्हरांड्यात खिडकी होती, तिला लोखंडी गज. मी गजाच्या बाजूला उभी राहिले. आत दोन मास्तर, एक वयस्कर, एक तरुण. वहिनी उभी राहिली आणि बोलायला लागली. उच्चार उत्तम होते. थंडीच्या दिवसांत चुलीपाशी बसलेला मुलगा आला, किटली आली. तरुण मास्तरने मान वर केली. झाकण उडालं आणि त्यातून मुलाला व्हिडिओ गेमची कल्पना सुचली, तेव्हा तो हसला. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. वहिनी थांबली नाही. कारखाने वाढले, प्रवास जलद झाले, इंग्लंड श्रीमंत झालं. तिने शेवटचं वाक्यसुद्धा सोडलं नाही. वयस्कर मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि मराठीत म्हणाले, "बाई, हे इंजिन आहे. आठवीतलं. कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

मी गजापासून दोन पावलं मागे सरले. माझी सावली आत पडू नये म्हणून.

"कुणी न्हाई, सर," वहिनी म्हणाली. "माझं मीच."

येताना गाडीत ती भुईमुगाच्या शेंगा सोलत होती आणि निम्मे दाणे माझ्या हातावर ठेवत होती. मी ते खाल्ले. घरी आईने कसं झालं म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बरं गेलं."

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत चार गुणांनी गेली. तोंडीत वीसपैकी तीन होते. भाऊ म्हणाला, ऑक्टोबरला पुन्हा बस. ती म्हणाली, बास झालं. पावसाळ्यात ती गरोदर राहिली. अंगणवाडीची जागा दुसऱ्या वस्तीवरच्या एका बाईने घेतली. टीव्ही गेमचा डबा वहिनीने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकला आणि परत कधी खाली काढला नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये मी पुण्याला गेले. निरोप द्यायला ती फाट्यापर्यंत आली, डब्यात दशम्या बांधून दिल्या. मी गाडीत बसले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला याची वाटते, त्या सुटल्यासारखं वाटण्याची. खिडकीपाशी लपले ते भीतीने असेल. पण हे सुख होतं, आणि मी ते पुरेपूर घेतलं.

मग मी इंग्रजीच शिकले, इंग्रजीच शिकवायला लागले. गावी जात होते, येत होते. वहिनीची मुलगी मोठी झाली. दर खेपेला मी सांगायचं ठरवून जायचे आणि न सांगता परत यायचे. शेवटी दोन वर्षांपूर्वी सांगितलं. संध्याकाळची वेळ होती, गोठ्यात आम्ही दोघीच. ती गाईंसाठी आंबोण कालवत होती.

"वहिनी, तो निबंध खोटा होता," मी म्हणाले. "मी इंजिनाचा धडा उचलून दिला होता. आणि खरं काय ते मला परीक्षेच्या आधी कळलं होतं. पंधरा दिवस आधी."

तिचा हात थांबला नाही. "मला बी," ती म्हणाली.

मला कळेना.

"तोंडीच्या आदी चार दिस. म्हणलं, अजून काई वाचावं. तुमच्या फळीवरचं आठवीचं पुस्तक काढलं. त्यात त्यो धडा. झाकणापाशी आले आन तितंच बसले."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"इचारलं की," ती म्हणाली. "गाडीत. तीनदा."

गाय शेपटी हलवत होती.

"मग तुझं स्वतःचं का नाही सांगितलंस?" मी म्हणाले. "ते बैलांचं. ते खरं होतं गं. पाहुण्यांसाठीच काढला होता तो खेळ. तू लिहिलं होतंस तसंच."

हे तिला माहीत नव्हतं. पहिल्यांदाच तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक तुमी खोटं शिकवलं, हे मला कळलं. पर माझं त्ये खरंच गावठी हाय का न्हाई, हे मला कोण सांगनार व्हतं?"

मग मी आणखी एक चूक केली. म्हणाले, ती वही असली तर दे मला, मी क्लासात तेविसाव्या धड्याला तुझे शब्द शिकवीन, तुझ्याकडून शिकले म्हणून सांगीन. बोलता बोलताच मला ऐकू आलं की मी पुन्हा तिच्याकडून काहीतरी नेतेय.

"वही हाय," ती म्हणाली. "पर ती माझी हाय. ती न्हाई मिळायची."

तिने आंबोणाचे हात पाण्यात धुतले, पदराला पुसले आणि कोपऱ्यातली बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

"धारा काढायच्यात," ती म्हणाली. "आज तू काढ."

इतक्या वर्षांत तिने मला कधी "तू" म्हटलं नव्हतं. मी पदर खोचला आणि गाईपाशी उकिडवी बसले. शेवटची धार कधी काढली होती तेही आठवत नव्हतं. गाय पाय उचलत होती, सड हातात नीट येत नव्हता, पहिली धार बादलीच्या बाहेर गेली. थोड्याच वेळात अंगठे दुखायला लागले. वहिनी खांबाला टेकून हाताची घडी घालून उभी होती. मला वाटत होतं, आता म्हणेल, राहू दे, सरक, मी काढते. ती जागची हलली नाही. मी मान वर केली नाही. बादलीचा तळ झाकायलाच खूप वेळ लागला.